शेवटच्या खुर्चीचं लाल फडकं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीच्या मोबाइल ग्रुपवर कुणीतरी एक जुना फोटो टाकला. तलावावरून जाणारी रोपवेची खुर्ची, तिच्यात दोन वेण्या घातलेली मुलगी आणि तिचे वडील, आणि खाली बारकीशी दिसणारी झुकझुक गाडी. मग त्या फोटोखाली दिवसभर उसासे पडत राहिले. 'काय दिवस होते!' 'आता नातवंडांना काय दाखवणार?' 'बंद करणाऱ्यांना पाप लागेल.' मी तो रोपवे बावीस वर्षं चालवला, हे ठाऊक असलेल्या एकानं विचारलं, 'काका, तुम्हाला तर सगळ्यांत जास्त वाईट वाटत असेल ना?' मी हात जोडल्याचं चित्र पाठवून सुटका करून घेतली.

खरं लिहायचं तर मला अजिबात वाईट वाटत नाही. ज्या दिवशी गॅस कटरनं शेवटचा खांब आडवा केला, त्या दिवशी मी घरी येऊन दुपारचा तीन तास झोपलो. बायकोनं दोनदा खोलीत येऊन माझा श्वास चालू आहे का ते पाहिलं. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या संपादकबाईंना 'गोड आठवणी' हव्या होत्या. मी त्यांना म्हटलं, गोड किती निघतील ते सांगता येत नाही, पण आठवणी माझ्याच असतील.

पार्काचं नाव लिहीत नाही. मालक दोनदा बदलले, आताच्यांचा या गोष्टीशी काही संबंध नाही. आमच्याकडे आकाशपाळणा, झुलती नाव, ब्रेक डान्स वगैरे होतंच, पण ते जागच्या जागी फिरवणारे प्रकार. माणसाला इथून उचलून तिथं नेणारी वाहनं तीन होती. तलावाभोवती फिरणारी छोटी रेल्वे. उंच रुळावर दोघांनी पायडल मारत चालवायची डबी, जिला आम्ही हवाई सायकल म्हणायचो. आणि तलावाच्या काठावरून पाण्यावरून जाऊन टेकडीवर पोचवणारा माझा रोपवे. आज तिन्ही नाहीत. रेल्वेच्या वाटेवर आता लोक सकाळी फिरायला जातात, डब्या भंगारात गेल्या आणि टेकडीवर जायला डांबरी रस्ता झाला.

हवाई सायकलचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. नागपूरच्या लकडगंजातले एक लाकडाचे व्यापारी सहकुटुंब आले होते. देह भरभक्कम, दोन माणसांच्या डबीत दीड माणसाची जागा त्यांनीच घेतलेली. बाई अगदी किरकोळ. निम्म्या वाटेवर साहेबांचे पाय थांबले. मागं पाच डब्या अडकल्या आणि आरडाओरडा सुरू झाला. मी रुळाशेजारच्या अरुंद फळीवरून चालत गेलो आणि डबी ढकलायला लागलो. साहेब घाम पुसत मला सांगत होते, 'भाऊ, आधी दोन ठंडा वर पाठवा, मग बघू.' तेवढ्यात बाई म्हणाल्या, 'तुम्ही नुसते बसा, मी मारते पायडल. घरी तरी दुसरं काय होते?' आणि त्या बाईंनी खरंच उरलेली वाट एकटीनं पायडल मारत पार केली. मी मागून ढकलत होतो हे त्यांना मी कधी कळू दिलं नाही.

रोपवेचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं सोपं नसतं. एक जाड तारेचा दोर, खाली एक मोठं चाक, टेकडीवर दुसरं चाक, आणि दोन चाकांमध्ये तो दोर अखंड फिरत असतो. दोराला दोन-दोन माणसांच्या खुर्च्या लटकवलेल्या. खुर्ची थांबत नाही. ती मागून येते, आपण माणसाला पाठमोरं उभं करायचं, ती गुडघ्यामागं टेकली की बसवायचं आणि समोरची लोखंडी दांडी खाली पाडायची. हे सगळं पाच-सहा पावलं चालता चालता. बायका म्हणत, 'थांबव ना गा भाऊ थोडंसं.' पण एकासाठी थांबवलं की वर लटकलेल्या सगळ्यांना झटका बसतो. त्यामुळे मी बावीस वर्षांत हजारो माणसांना दंडाला धरून बसवलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी मला उद्धट म्हटलं.

शिवाय खुर्ची तोलायची. एका बाजूला जड, दुसऱ्या बाजूला हलकं झालं की ती तिरपी चालते. रांगेकडे बघून कोण कुणाशेजारी बसेल हे मी ठरवायचो. त्यात काही नवरा-बायकोंची ताटातूट व्हायची आणि सगळेच काही नाराज व्हायचे नाहीत.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर रविवारी नातींना घेऊन यायचे. खुर्चीत बसले की डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं भीत असतील. एकदा उतरल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, 'तिसऱ्या खांबावरची एक चकरी बोलून राहिली. पाहून घेजा.' आम्ही चढून पाहिलं तर चकरीतलं ग्रीस पार वाळलेलं. पुढं मी दर रविवारी त्यांची वाट पाहायला लागलो. आमच्या मिस्त्रीला जे ऐकू येत नव्हतं ते त्यांना ऐकू यायचं. ते यायचे बंद झाले तेव्हा मला घरचं माणूस गेल्यासारखं झालं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते.

टेकडीवर देवानंद असायचा, खाली मी. आमची अठरा वर्षांची जोडी. आमच्यात एक फोन होता. एका पावसाळ्यात तो बंद पडला आणि मग बंदच राहिला. दुपारी आणि संध्याकाळी यंत्र थांबवायचं तेव्हा वाटेत कुणी लटकलेलं नाही, हे कसं कळणार? त्यासाठी लाल फडकं. शेवटचा माणूस खुर्चीत बसला की देवानंदनं त्याच्या मागच्या रिकाम्या खुर्चीच्या दांडीला लाल फडकं बांधायचं. ती खुर्ची माझ्यापर्यंत आली म्हणजे तिच्यापुढचे सगळे उतरले. मी फडकं सोडायचं, हातात घ्यायचं आणि मग बटण दाबायचं. नियमाच्या वहीत फडकं आणि फोन दोन्ही लिहिलेलं होतं. आम्ही फडक्यावर भागवत होतो.

त्यातही दोन सवयी शिरल्या. गर्दी नसली की देवानंद कधीकधी मागची खुर्ची न धरता शेवटच्या माणसाच्याच दांडीला फडकं बांधून द्यायचा. मी कधी हटकलं नाही. आणि मी फडकं हातात घेण्याआधीच बटण दाबायला लागलो होतो. लाल दिसलं की झालं. इतकी वर्षं काही बिघडलं नाही, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं वाटतच नव्हतं.

तो मे महिना होता. नागपूरचा मे, म्हणजे दुपारी एक ते चार पार्क बंद. साडेबारालाच वर जाणारी माणसं आम्ही थांबवली होती, फक्त वरची खाली यायची राहिलेली. एकेक खुर्ची येत होती, बहुतेक रिकाम्या. मग एक नवं जोडपं आलं आणि त्यांच्या दांडीला लाल कापड दिसलं. मी बटण दाबलं, ब्रेक लावला आणि केबिनकडे वळलो. मागं पाहिलं तर जोडपं निघून गेलेलं आणि फडकंही नाही. म्हटलं, घेऊन गेले वाटतं, उद्या नवीन फाडू.

ते फडकं नव्हतंच. त्या मुलाचा डोक्याला बांधायचा लाल दुपट्टा होता. दांडी इतकी तापली होती की बायकोला धरता येईना, म्हणून त्यानं तो दांडीला गुंडाळला होता. उतरताना सोडला आणि पुन्हा डोक्याला बांधून निघून गेला. हे मला नंतर जुळवावं लागलं.

केबिनमध्ये कूलर लावून मी बसलो. देवानंदची रीत अशी की फडकं बांधून खुर्ची पाठवली की त्याचं काम संपलं. तो टेकडीच्या मागच्या अंगाच्या पायऱ्यांनी उतरायचा, कारण तिकडे सावली. तिकडून तलाव दिसत नाही. आला, हातपाय धुतले, आम्ही डबे उघडले. तीन-चार घास झाले असतील. देवानंद म्हणाला, 'त्या आजीनं तुले काही म्हटलं का गा? वर माह्यासंग लय भांडली.'

मी विचारलं, 'कोणती आजी?'

'अबे, शेवटची. गाठोडंवाली. गाठोडं खाली ठेव म्हटलं तं आयकेच ना. तिच्या मागच्या खुर्चीले तं फडकं बांधलं मी.'

'आजी खाली आलीच नाही,' म्हणत मी डबा टाकून उठलो. आम्ही दोघं बाहेर आलो. माझ्या केबिनपासून दुसऱ्या खांबापर्यंतच दिसायचं, पुढं कडुनिंबाची झाडं आडवी. तळ्याकाठी धावत गेलो तेव्हा दिसली. तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मध्ये, पलीकडच्या काठाजवळ पाण्यावर, एक खुर्ची आणि तिच्यात डोक्यावरून पदर ओढलेली एक बाई. मान खाली गेलेली. हालचाल नाही. तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता.

तुम्ही म्हणाल, बटण दाबायचं आणि आणायचं खाली. माझाही हात तिकडेच गेला होता. पण थांबलेला दोर सुरू होताना पहिला झटका बसतो आणि खुर्च्या पुढं-मागं झुलतात. दांडी हातानं दाबून धरलेली नसली की ती वर उचलली जाते. बाई जागी असेल, धरून असेल तर काही होत नाही. ती शुद्धीत नसेल, तर मी बटण दाबून तिला पाण्यात पाडणार होतो. आणि वर टेकडीवर कुणी नसताना यंत्र सुरू करू नये हा आणखी एक नियम. तो मी त्या दिवशी जाणूनबुजून मोडायचं ठरवलं, कारण देवानंद पायऱ्या चढून वर पोचेपर्यंत तिला आणखी पाव तास तिथं ठेवणं शक्य नव्हतं.

आमची छोटी रेल्वे तलावाच्या त्या टोकाला दोराच्या अगदी खालून जायची. ती चालवायचे गार्डसाहेब. खरे गार्ड ते कधीच नव्हते. नागभीडच्या छोट्या लाइनवर ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आलेले, पण पितळी शिटी आणि टोपी यांमुळे नाव पडलेलं. शेडमध्ये गाडीखाली आडवे झाले होते. आम्ही सांगितलं तेव्हा त्यांनी एक शब्द विचारला नाही. डबे सोडवले, नुसतं इंजिन काढलं, देवानंदला मागं उभं केलं आणि मला म्हणाले, 'सुधाकर, तू बटणावर राय. तिनं दांडी धरली असन तं मी एक शिटी मारीन. मंग हळू चालव. दोन मारल्या तं हात नोको लावू.'

इंजिन गेलं. मी केबिनमध्ये बटणापाशी उभा. समोर दोन उघडे डबे, कूलर चालू. मला फक्त शिटी ऐकायची होती आणि शिटी येत नव्हती. कूलर बंद केला. तरी नाही. मनात दोन शिट्यांची तयारी केली. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. उद्या पेपरात नाव आल्यावर ती शाळेत कशी जाईल, असले विचार येत होते. ती बाई कोण, कुठली, याचा विचार नंतर आला. हे लिहिताना लाज वाटते, पण क्रम तसाच होता.

तिकडे काय चाललं होतं ते देवानंदनं नंतर सांगितलं. गार्डसाहेबांनी खालून हाक मारली, 'माय! ओ माय!' पहिल्या दोन हाकांना काही नाही. तिसरीला पदर हलला.

'दांडी धरली का?'

'धरली ना गा. पण चपला पडल्या माह्या पाण्यात.'

'चपला देतो आणून. दोन्ही हातानं धर. झटका बसन.'

'दोन्ही हातानं कशी धरू? गाठोडं हाय.'

'सोड ते गाठोडं!'

'तुले काय होते सोड म्हणाले? नातवाचे कपडे हायेत त्यात नवे.'

देवानंद घामाघूम, गार्डसाहेबांचा आवाज बसलेला, आणि ही बाई पाण्यावर लटकून गाठोड्यासाठी घासाघीस करतेय. शेवटी गार्डसाहेब इंजिनच्या टपावर चढून उभे राहिले आणि म्हणाले, 'फेक इकडे, मी झेलतो. रेल्वेचा माणूस आहो, चुकणार नाही.' तिनं फेकलं. त्यांनी झेललं. मग तिनं दोन्ही हात दांडीवर ठेवले.

एक शिटी आली. लांबलचक एकच. मी थोडं थांबलो, दुसरी येत नाही ना ते ऐकायला. मग यंत्र अगदी हळू सोडलं.

ती खुर्ची झाडांमागून दिसायला लागली तेव्हाचं मला सगळं आठवतं. अनवाणी पाय आधी दिसले. मग हिरवं लुगडं. मी तिला दांडीतून काढलं तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांवर लोखंडाचे लाल चट्टे उठले होते. ओठ पांढरे. सावलीत बसवली, मीठ-साखरेचं पाणी दिलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. दोन पेले पाणी पिऊन झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'बत्ती गेली होती का गा?'

मी म्हटलं, 'हो माय.'

मला काही बनवून सांगावंच लागलं नाही. तिनं खोटं माझ्या हातात ठेवलं आणि मी ते घेतलं. शेजारी उभ्या देवानंदनं तिचा पेला पुन्हा भरला. तेवढ्यात तिच्यासोबतच्या बायका धावत आल्या. पारशिवनीकडच्या एका गावातून बचत गटाची सहल आली होती. बाकीच्या बायका भीतीनं मागच्या पायऱ्यांनी उतरून गेटपाशी तिची वाट पाहत बसल्या होत्या आणि ही एकटी 'आली तशी जाईन' म्हणून अडून बसली होती. त्या बाया रडायला लागल्या तर हीच त्यांना दटावायला लागली, 'रडता काहून वं? या पोरानं उतरवलं ना मले.' आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तिनं माझं नाव विचारून घेतलं. तिचं नाव कौतिकाबाई.

मॅनेजरला आम्ही तेच सांगितलं. वहीत 'वीज गेली' असं माझ्याच अक्षरात आहे. दुसऱ्या दिवसापासून फडकं बंद. देवानंदनं एक पत्र्याची गोल पाटी करून आणली, पिवळी रंगवलेली, खुर्चीच्या आकड्यात अडकवायची. ती हातात आल्याशिवाय मी पुढं कधीच बटण दाबलं नाही.

त्या हिवाळ्यात गेटवरच्या चौकीदारानं एक पिशवी आणून दिली. 'रोपवेच्या सुधाकरबाबूले' म्हणून कुणीतरी ठेवून गेलं होतं. तुरीच्या हिरव्या शेंगा. कौतिकाबाईनं गावच्या माणसाबरोबर पाठवल्या होत्या. पुढच्या हिवाळ्यातही आल्या. मग दरवर्षी. घरी बायको मिठाच्या पाण्यात उकडायची, मुलं फस्त करायची. 'कोण हो ही एवढी माया करणारी?' असं बायकोनं विचारलं तेव्हा मी 'एक गिऱ्हाईक म्हण' असं काहीतरी बोलून गेलो. मला त्या शेंगा कधी गिळवल्या नाहीत. एखाद्यानं शिव्या घातल्या असत्या, नोकरी गेली असती, तर एकदाचं झालं असतं. हे शेंगांचं दरवर्षी नव्यानं यायचं.

नंतर तपासणीत दोराच्या तारा तुटलेल्या सापडल्या, नवा दोर घालायची कुणाची तयारी नव्हती, आणि रोपवे बंद झाला. गार्डसाहेब त्याआधीच वारले होते. देवानंद मुलीकडे चंद्रपूरला राहायला गेला. मी निवृत्त झालो. आणि गेल्या हिवाळ्यात चौकीदाराचा फोन आला, 'सुधाकरभाऊ, तुमच्या शेंगा आल्या.' रोपवे नाही, मी नाही, तरी शेंगा आल्या. देवानंदला फोन करून म्हटलं, 'मी जाऊन सांगून येतो.' तो म्हणाला, 'सांग. अन् माह्यंही सांग. फोन नव्हता आपल्यात, हे तं आपण दोघायनंही चालवून घेतलं.'

पारशिवनीपर्यंत बस, पुढं ऑटो. कालव्याकाठचं गाव. अंगणात ऊन खात एक म्हातारी सुपात हरभरा निवडत होती. सुनेनं सांगितलं कोण आलंय, तर तिनं सूप बाजूला ठेवून आरडाओरडा करून शेजारी गोळा केले. 'हा पाहा! मी सांगत असते ना, हाच तो, यानंच उतरवलं मले!' दहा-बारा माणसं. कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची. एका म्हाताऱ्यानं माझ्याशी हात मिळवला. मी घरून जे वाक्य पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो.

'माय,' मी म्हटलं, 'त्या दिवशी बत्ती गेली नव्हती. मशीन मीच बंद केली होती. तू वर आहे हे मले माहीतच नव्हतं.'

मी दुपट्ट्याचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं, फोनचं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, 'किती वेळ होती मी?'

'अर्ध्या तासाच्या वर.'

'अन् तू तवा काय करून राहिला होता?'

'जेवत होतो माय.'

'मी तिथं लोंबकळून राहिली अन् तू भाकर खाऊन राहिला होता?'

'हो.'

'कायची भाजी होती?'

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. 'आलू-वांगं.'

'कूलर होता?'

'होता. चालू होता.'

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तिनं नुसतं वळून पाहिलं तसं ते थांबलं. मग ती सुरू झाली. मुडद्या म्हणाली, बेइमान म्हणाली, माझ्या मायबापांचाही उद्धार करून झाला. 'इतके हिवाळे माह्या शेंगा खाल्ल्या तूनं, घशात अटकल्या नाही तुह्या?' सून 'आई, जाऊ द्या ना' म्हणत होती, तिलाही चार शब्द बसले. 'पेंचच्या जंगलाकडून डुकरं येतात वावरात. बारा वर्स मी मचाणावर बसून राखण केली, एकटी, बुढा गेल्यावर. त्या दिसापासून मचाणावर पाय नाही ठेवला मी. चढाले गेली की हात कापतात. लोक म्हणतात बुढी झाली. बुढी नाही झाली मी!' आणि हे म्हणताना तिचा आवाज पहिल्यांदा फाटला.

हे मला ठाऊक नव्हतं. मी समजत होतो तळव्यांचे चट्टे गेले म्हणजे सगळं गेलं. मी हात जोडून उभा राहिलो. पण खरं सांगतो, ती शिव्या देत होती तसतसं मला मोकळं वाटत होतं. आशीर्वादाचा हात डोक्यावर घेऊन इतकी वर्षं जेवढा वाकलो होतो, तेवढा त्या अंगणात उभं राहून सरळ होत गेलो.

ती दमली. पाणी प्याली. सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, 'आता कोण बसते त्याच्यावर?'

'कोणीच नाही माय. कापून नेलं.'

'पुरं?'

'पुरं. दोर, खांब, खुर्च्या, सगळं. मी उभं राहून पाहिलं.'

'बरं झालं,' ती म्हणाली.

'हो माय. बरं झालं.'

शेजारी एकेक करून उठून गेले. मी निघालो तेव्हा तिनं मला फाटकापाशी थांबवलं. 'साऱ्या गावाले, पाहुण्यारावळ्याले मी सांगत आली, बत्ती गेली, बत्ती गेली. तुह्यापायी मी खोटी पडली. मी आता कोणाकोणाले सांगत फिरू? तू सांग. माह्या नावानं सांग, कौतिकाबाई म्हणून.'

सांगितलं, माय.